बटाट्याचे ३.२ सेकंद

पार्श्वभूमी

पंधराशे मीटर धावणारी एक मुलगी. वय एकोणीस, वजन पन्नास किलोच्या आसपास, चार वर्षांचा नियमित सराव. ओळख पटू नये म्हणून तिचं नाव, गाव आणि स्पर्धांची नावं इथे देत नाही. आकडे तिच्या वहीतले आहेत आणि तिच्या परवानगीनेच मांडते आहे.

ती वही पाहिली तेव्हाच मला आवडली. प्रत्येक शर्यतीची तारीख, टायमिंग, आदल्या रात्रीची झोप आणि शर्यतीआधीच्या तीन तासांत काय खाल्लं, असे रकाने होते. दोन हंगामांत सात स्पर्धा झाल्या होत्या. प्रत्येकीत एक हीट (प्राथमिक फेरी) आणि एक फायनल, म्हणजे एकूण १४ शर्यती. खाण्याच्या रकान्यात ११ वेगवेगळे पदार्थ होते आणि त्यांपैकी एकाभोवती दर वेळी लाल पेनाने गोल काढलेला होता: मीठ लावलेला उकडलेला बटाटा.

मी संख्याशास्त्र शिकवते. ती वही घेऊन माझ्याकडे आली आणि बसायच्या आधीच म्हणाली, "ताई, बटाटा खाल्ला की मी तीन सेकंदांनी जोरात धावते. सर मानत नाहीत. तुम्ही गणित करून सांगा ना त्यांना."

तिचे बेरीज-भागाकार अगदी बरोबर होते. बटाटा खाऊन धावलेल्या ६ शर्यतींची सरासरी ४ मिनिटं ३६.७ सेकंद आणि बाकीच्या ८ शर्यतींची ४ मिनिटं ३९.९ सेकंद. फरक ३.२ सेकंदांचा. तिच्या वेगाने हे अंतर जवळपास १७ मीटर होतं. पंधराशेच्या शेवटच्या सरळ पट्ट्यात १७ मीटर म्हणजे पदक आणि पाचवा नंबर यांच्यातलं अंतर.

अडचण

निवड चाचणी ११ आठवड्यांवर होती. सरांची, म्हणजे तिच्या प्रशिक्षकांची, तक्रार बटाट्याबद्दल नव्हतीच, मुलीबद्दल होती. एका हीटला बटाटा मिळाला नाही तेव्हा ती वॉर्म-अपमध्येच अस्वस्थ झाली, पहिला लॅप घाईत काढला आणि शेवटी पाय जड झाले. सर मला म्हणाले, "मॅडम, एक दिवस बटाटा मिळणार नाही आणि पोरगी स्टार्ट लाइनवरच हरेल. हे खूळ आत्ताच काढायला हवं."

तिच्याकडेही उत्तर तयार होतं. उसेन बोल्टने २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये दहा दिवसांत सुमारे हजार चिकन नगेट्स खाल्ली, हे त्याने स्वतःच सांगितलं आहे. तिथेच त्याने १०० मीटर ९.६९ सेकंदांत आणि २०० मीटर १९.३० सेकंदांत जिंकलं. "मग माझा बटाटा का नाही?" हा तिचा प्रश्न मला मनापासून चांगला वाटला, कारण सगळी मेख त्यातच आहे. नगेट्स खाल्लेला बोल्ट आपण पाहिला. त्याच दिवशी, त्याच ट्रॅकवर, नगेट्स न खाल्लेला बोल्ट कुणालाच पाहता येणार नाही. तुलनेला दुसरी बाजूच नाही.

तिच्या वहीत मात्र दुसरी बाजू होती. म्हणून मी वही ठेवून घेतली.

समोरचे पर्याय

सर्वांत सोपा पर्याय गप्प बसण्याचा होता. बटाट्याने पोट बिघडत नव्हतं, खर्च नव्हता, नियमात बसत होतं. पण तिची घाबरगुंडी वाढत चालली होती, त्यामुळे "खाऊ दे की" म्हणून भागणार नव्हतं. दुसरा पर्याय सरांचा होता, बंदीचा. मला तो धोक्याचा वाटला. बंदीनंतर एक जरी शर्यत खराब गेली असती, तरी वहीत बटाट्याच्या बाजूने आणखी एक पुरावा चढला असता.

सरांनी तिसरी वाटही काढली होती. ज्याचा उपयोग सिद्ध झाला आहे असं काहीतरी द्यायचं म्हणजे बटाटा आपोआप सुटेल. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या २०१८ च्या तज्ज्ञ निवेदनात कामगिरीला थेट मदत करू शकणाऱ्या पूरकांमध्ये कॅफीन, क्रिएटिन, नायट्रेट, बीटा-अ‍ॅलानिन आणि सोडियम बायकार्बोनेट ही पाच नावं आहेत. बायकार्बोनेट तर पंधराशेसारख्या काही मिनिटांच्या तीव्र धावण्यासाठीच अभ्यासलं गेलं आहे. पण त्याने अनेकांच्या पोटात गडबड होते. निवड चाचणीच्या तोंडावर एकोणीस वर्षांच्या मुलीवर नवा प्रयोग करायला मी विरोध केला आणि सरांनी तो मानला.

उरल्या दोन गोष्टी: वही नीट उलगडून पाहणं आणि गरज पडली तर तिच्यावरच छोटा, निरुपद्रवी प्रयोग करणं.

वही काय सांगत होती

आधी एक ढोबळ हिशेब केला. धावताना दर किलोमागे, दर किलोमीटरला साधारण एक किलोकॅलरी लागते. पन्नास किलोच्या मुलीला दीड किलोमीटरसाठी ७५ च्या आसपास. १५० ग्रॅम उकडलेल्या बटाट्यात १३० किलोकॅलरी असतात, म्हणजे शर्यतीला पुरून उरतील इतक्या. पण हे इंधन तिच्याकडे आधीच आहे. स्नायूंमधल्या ग्लायकोजेनच्या (साठवलेल्या कर्बोदकांच्या) साठ्यातून हजाराहून अधिक किलोकॅलरी निघू शकतात. पंधराशे मीटरला माणूस थकतो ते इंधन संपल्यामुळे नाही. प्राणवायू घेण्याची मर्यादा आणि स्नायूंत वाढणारी आम्लता आड येते. दोन-अडीच तासांच्या सायकलिंगमध्ये बटाट्याची प्युरी ऊर्जा-जेलइतकीच उपयोगी पडल्याचं २०१९ च्या एका प्रयोगात दिसलं होतं, पण ते काम तासांचं होतं. साडेचार मिनिटांच्या शर्यतीत ३.२ सेकंद बटाट्याने द्यावेत, हे शरीरशास्त्राला पटणारं नव्हतं.

मग फरक आला कुठून? मी तिला एकच प्रश्न विचारला, "बटाटा कुठल्या दिवशी खायचीस?"

"वेळ असेल त्या दिवशी."

त्या उत्तरात सगळं होतं. हीट सकाळी असायची. पहाटे निघायचं, उकडत बसायला वेळ कुठला? फायनल संध्याकाळी, दिवसभर मोकळीक. सहा बटाट्यांपैकी पाच फायनलचे होते आणि एकच हीटचा. आणि हीटला कुणी जीव तोडून धावत नाही. पुढच्या फेरीत जाण्यापुरतं धावतात. शिवाय शरीराचं तापमान पहाटे सर्वांत कमी आणि दुपारनंतर ते संध्याकाळपर्यंत सर्वांत जास्त असतं, त्यामुळे स्नायू संध्याकाळी अधिक मोकळे चालतात.

हीट आणि फायनल वेगळ्या केल्या तेव्हा आकडे असे निघाले. फायनलमध्ये बटाट्यासह सरासरी ४:३५.८, बटाट्याविना ४:३६.०. हीटमध्ये बटाट्यासह ४:४१.०, बटाट्याविना ४:४१.२. दोन्हीकडे फरक ०.२ सेकंदांचा. एकत्र केलं की ३.२, वेगळं केलं की ०.२. बाकीचे तीन सेकंद संध्याकाळचे आणि फायनलचे होते.

२०१२ साली एका वैद्यकीय नियतकालिकात २३ देशांचा आलेख आला होता: दरडोई चॉकलेट जितकं जास्त, तितके लोकसंख्येमागे नोबेल विजेते जास्त, सहसंबंध ०.७९ (१ म्हणजे पूर्ण जुळणी). सुबत्ता असलेला देश चॉकलेटही विकत घेतो आणि प्रयोगशाळाही उभारतो. तिच्या वहीत सुबत्तेच्या जागी फायनलची संध्याकाळ होती.

आणखी दोन गोष्टी वहीत दडलेल्या होत्या. पहिला बटाटा तिने खाल्ला तो सर्वांत वाईट हीटनंतर, ४:४३.१ लागलेल्या. दुसऱ्या दिवशीच्या फायनलला लागलं ४:३४.८, तिचं तोवरचं सर्वोत्तम. सर्वांत वाईट दिवसानंतरचा दिवस बहुधा बराच असतो, मधे काहीही खाल्लं तरी. फ्रान्सिस गाल्टनने १८८६ मध्ये आई-वडील आणि मुलांच्या उंचीत हेच पाहिलं होतं: टोकाच्या मोजमापानंतरचं मोजमाप सरासरीकडे झुकतं. दुसरी गोष्ट, तिने ११ पदार्थांतून बटाटा निवडला होता. कशाचाच उपयोग नसला तरी, ११ स्वतंत्र चाचण्यांत २० पैकी १ वेळा फसण्याची मुभा धरली, तर निदान एक पदार्थ 'गुणकारी' ठरण्याची शक्यता ४३ टक्के होते. जिंकलेल्या पदार्थाभोवती लाल गोल पडतो, हरलेले दहा विसरले जातात.

इथे पहिला निर्णयाचा क्षण आला. एवढ्यावर थांबता आलं असतं. पण फायनलला बटाट्याविना धावलेल्या शर्यती दोनच होत्या आणि हीटला बटाट्यासह एकच. इतक्या कमी शर्यतींवरून "बटाट्याचा काही उपयोग नाही" असं म्हणणं तिच्या दाव्याइतकंच घाईचं झालं असतं. आणि खरं सांगायचं तर, तिने मला गणित करायला सांगितलं होतं, तिचं म्हणणं खोडायला नाही. म्हणून प्रयोग ठरला.

प्रयोग

सर्वांत जास्त वाद एका साध्या प्रश्नावर झाला: बटाट्याच्या विरुद्ध काय? सर म्हणाले, उपाशी पोट. पण उपाशी धावण्याशी तुलना केली तर कळतं ते फक्त खाण्याचं महत्त्व. बटाट्याचं वेगळं असं काहीच कळत नाही. तिचा दावा बटाट्याचा होता. शेवटी १५० ग्रॅम बटाटा आणि ब्रेडचे दोन स्लाइस अशी जोडी ठरली. दोन्हींत कर्बोदकं सुमारे ३० ग्रॅम, दोन्हींवर मीठ तेवढंच, दोन्ही धावण्याआधी दोन तास.

आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी, संध्याकाळी एकाच वेळी, १२०० मीटरची टाइम ट्रायल, म्हणजे एकटीने घड्याळ लावून धावणं. कुठल्या दिवशी बटाटा आणि कुठल्या दिवशी ब्रेड, हे दर सोमवारी नाणं उडवून ठरायचं. आपण काय खातो आहोत हे तिच्यापासून लपवणं शक्य नव्हतं. निदान स्टॉपवॉच धरणाऱ्याला ते कळू द्यायचं नाही, एवढं पाळलं. अशा आठ जोड्या. एक आठवडा पावसात गेला, तो नव्याने घेतला, म्हणून नऊ आठवडे लागले.

इतक्या थोड्या मोजमापांवर विश्वास ठेवायचा कसा, याचं शास्त्र खाण्यापिण्यातूनच आलं आहे, याची मला नेहमी गंमत वाटते. १९०८ मध्ये 'स्टुडंट' या टोपणनावाने छोट्या नमुन्यांचं गणित मांडणारा विल्यम गॉसेट डब्लिनच्या गिनेस या बिअरच्या कारखान्यात काम करायचा. कपात आधी दूध घातलं की चहा, हे चवीवरून ओळखण्याचा एका बाईंचा दावा तपासण्यासाठी संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशरने आठ कपांची चाचणी मांडली, चार कप एका पद्धतीचे आणि चार दुसऱ्या. आठांतून चार निवडण्याच्या ७० रीती असतात, म्हणून सगळे कप निव्वळ नशिबाने बरोबर ओळखण्याची शक्यता ७० त १. बटाट्याला त्याच पंगतीत बसवायला मला आनंद झाला.

आमचं गणितही त्याच धाटणीचं होतं. बटाट्यात काहीच विशेष नसेल, तर त्या आठवड्याच्या दोन वेळांपैकी कुठलीवर 'बटाटा' लिहिलं जाईल हे फक्त नाण्याने ठरलं. म्हणजे प्रत्येक जोडीतल्या फरकाचं चिन्ह अधिक किंवा उणे, काहीही येऊ शकलं असतं. आठ जोड्यांच्या २५६ मांडण्या होतात. सुरुवातीलाच तिघांनी कागदावर लिहून सही केली: आठ फरकांच्या प्रत्यक्ष मिळालेल्या बेरजेइतकी किंवा तिच्याहून मोठी बेरीज १२ किंवा त्याहून कमी मांडण्यांत (साधारण २० पैकी १) येत असेल, तरच बटाट्याला श्रेय द्यायचं.

चार जोड्या झाल्यावर ती उड्या मारत आली. चारांपैकी तीन बटाट्याच्या बाजूने होत्या आणि सरासरी फायदा ०.४५ सेकंदांचा. "आता थांबू या ना, ताई." हा दुसरा निर्णयाचा क्षण. मनाजोगतं चित्र दिसलं की थांबायचं असं ठरवलं, तर कुठलाही पदार्थ कधी ना कधी जिंकतोच. मी सहीचा कागद पुढे केला. पाचव्या आठवड्यात ब्रेड १.१ सेकंदांनी पुढे निघाला.

आठ फरक असे आले (अधिक म्हणजे बटाटा जलद): +१.२, −०.६, +०.९, +०.३, −१.१, +१.६, −०.४, +०.५. बेरीज २.४, सरासरी ०.३ सेकंद. २५६ पैकी ५३ मांडण्यांत इतकी किंवा याहून मोठी बेरीज येते. बटाट्याने काहीच केलं नाही तरी पाचांत एकदा असं चित्र दिसेल.

याचा अर्थ 'शून्य उपयोग' असा होत नाही, हे सरांना समजावायला वेळ लागला. ९५ टक्के विश्वासाची कक्षा, म्हणजे खरा फायदा बहुधा ज्या हद्दीत असेल ती, उणे ०.५ पासून अधिक १.१ सेकंदांपर्यंत होती. वहीतले ३.२ सेकंद १२०० मीटरच्या प्रमाणात २.६ होतात आणि ते या कक्षेच्या पार बाहेर आहेत, तेव्हा तो दावा गेला. पाव सेकंदाचा फायदा मात्र असूही शकतो. ०.३ सेकंदांचा खरा फायदा असेल आणि तो पाचांपैकी चार वेळा पकडायचा असेल, तर सुमारे ७७ जोड्या लागल्या असत्या. आठवड्याला एक जोडी, म्हणजे जवळपास दीड वर्ष. एका मुलीच्या धावण्याच्या वयातलं दीड वर्ष बटाट्यापायी घालवणं मला मान्य नव्हतं.

सांगायचं की नाही

निकाल मी आधी सरांना दाखवला. ती चूक होती, आणि तिच्यातूनच सर्वांत अवघड प्रसंग उभा राहिला.

नऊ आठवड्यांपूर्वी बटाटा बंद करायला निघालेले सर आता म्हणाले, "मॅडम, चाचणी होईपर्यंत तिला सांगू नका. तिला वाटतंय ना बळ येतं, येऊ द्या." त्यांचं म्हणणं वाऱ्यावर सोडण्यासारखं नव्हतं. २००६ च्या एका अभ्यासात सायकलपटूंना कॅफीन दिल्याचं सांगून प्रत्यक्षात दर वेळी बिनऔषधी गोळीच दिली होती. जास्त मात्रा मिळाली असं ज्यांना वाटलं, त्यांची ताकद मूळ पातळीपेक्षा सुमारे ३ टक्क्यांनी वाढली. आपल्याला नुसती गोळीच मिळाली असं वाटलं तेव्हा ती किंचित घटली. विश्वासाला वजन असतं. मग तो काढून घेण्याचा अधिकार मला कुणी दिला?

दोन रात्री मी यावर विचार केला. शेवटी दोन कारणांनी पारडं झुकलं. एक, तिचा विश्वास तिला आता बळापेक्षा भीतीच जास्त देत होता. दुसरं, वही तिची, पाय तिचे, घाम तिचा. तिच्या शरीराबद्दल आम्हा दोघांना माहीत असलेली गोष्ट तिलाच माहीत नसावी, हे मला सहन होईना. चाचणीला १२ दिवस उरले असताना तिला बोलावलं.

निकाल वाचून दाखवला नाही. आठ चिठ्ठ्यांवर आठ फरक लिहिले आणि नाणं तिच्या हातात दिलं. छाप पडला तर अधिक, काटा पडला तर उणे. बेरीज ती करायची, वहीत मी लिहायची. वीस फेऱ्यांमध्ये पाच वेळा बेरीज २.४ च्या पुढे गेली. पाचव्या वेळी ती थांबली आणि चिठ्ठ्यांकडे बघत राहिली.

"मग माझे तीन सेकंद गेले कुठे?"

"कुठेच नाही गेले," मी म्हणाले. "फायनलला तू हीटपेक्षा पाच सेकंदांनी जोरात धावतेस. दोन हंगाम, सातही वेळा. बटाटा असो नसो."

तिने वही उघडली आणि हीटच्या सात ओळी बोटाने मोजल्या, मग फायनलच्या सात. बराच वेळ काही बोलली नाही.

निष्पत्ती

निवड चाचणीसाठी तिने बटाटा सोबत नेला. नेऊ नये असं कुणीच म्हणालं नाही. पावसामुळे शर्यत दोन तास पुढे गेली. बटाटा आधीच खाऊन झाला होता, पुन्हा काहीतरी हलकं खायची वेळ आली आणि जवळ ब्रेडच होता. तिने तो खाल्ला आणि वॉर्म-अपला गेली. सरांनी तिच्याकडे मुद्दाम लक्ष ठेवलं होतं. पहिला लॅप तिने ठरलेल्या वेळेत काढला.

टायमिंग लागलं ४:३४.१, आधीच्या सर्वोत्तमपेक्षा ०.७ सेकंदांनी चांगलं. नंबर तिसरा. निवड पहिल्या दोघींची होती.

ही सुधारणा ब्रेडची, नाण्याची की मन हलकं झाल्याची, हे मी सांगणार नाही. एक शर्यत आहे आणि मधे अकरा आठवड्यांचा सराव झालेला आहे.

पुन्हा करायचं झालं तर

पहिल्याच दिवशी "कधी खातेस?" हे विचारेन. मी आकड्यांना आधी भिडले आणि तीन दिवस त्यात घालवले. उत्तर तिच्या दिनक्रमात होतं. निकाल सर्वांत आधी तिलाच दाखवेन, सर नंतर. आणि प्रयोगाच्या आधीच्या कागदावर फक्त १२ मांडण्यांची अट न लिहिता, किती सेकंदांचा फायदा आपल्याला महत्त्वाचा वाटतो हेही लिहून घेईन. ते लिहिलं असतं तर ७७ जोड्यांचा आकडा सुरुवातीलाच समोर आला असता आणि आठ जोड्यांकडून काय अपेक्षा ठेवायची हे तिघांनाही कळलं असतं.

टाइम ट्रायल म्हणजे शर्यत नव्हे, हीसुद्धा या प्रयोगाची खरी मर्यादा आहे. शेजारी कुणी धावत नसताना काढलेल्या १२०० मीटरवरून फायनलबद्दल किती बोलावं, यावर सर आणि मी अजून वाद घालतो. त्यांचं म्हणणं मला दिवसेंदिवस जास्त पटत चाललं आहे.

तिच्या वहीत आता दोन नवे रकाने आहेत: 'हीट की फायनल' आणि 'सकाळ की संध्याकाळ'. लाल पेन अजून आहे. मागच्या आठवड्यात ती आली तेव्हा झोपेच्या रकान्यातल्या नऊ तासांभोवती गोल होता. मी काही म्हणायच्या आत तिनेच विचारलं, "ताई, बटाट्याचं नाणं उडवलं. झोपेचं कसं उडवायचं?"